बाजाराकडचा आखाडा

देवळीला आलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. माय आमच्या गावी, केळझरलाच राहिली. तिचे वडील, म्हणजे आमचे आबाजी, अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं करायला ती एकटीच लेक. बाबा लाइनमन. बदलीचा हुकूम आला की पेटी उचलायची आणि निघायचं, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचत नसे. पोराला मायजवळ राहायचंय की बापाजवळ, हे मला कोणी विचारलं नाही. पुढची शाळा देवळीत बरी आहे असं मोठ्यांचं ठरलं आणि मी एसटीत खिडकीशी बसलो. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत बाबांची सायकल, तिच्या दांड्याला तारेचं वेटोळं आणि मागच्या कॅरिअरला रबरी हातमोजे. ते हातमोजे इतके मोठे होते की मी एका मोज्यात दोन्ही हात घालून बघत असे. दुपारी करायला दुसरं काही नसायचं.

बाबा बोलायचे नाहीत. रागीट होते म्हणून नव्हे, त्यांना बोलणं येतच नसे. पहाटे उठून ते चून, म्हणजे घट्ट पिठलं, आणि पोळ्या करून ठेवायचे. पोळ्या मायपेक्षाही गोल व्हायच्या, हे मी मायला कधी सांगितलं नाही. शाळेतून आलो की टोपलीवरचं फडकं उचलायचं, गार चून, जवसाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. घरात इतकं सामसूम असे की आपलंच चावणं आपल्याला ऐकू यायचं. कापसाचे दिवस सुरू झाले की जवळच्या जिनिंगचा घरघराट दिवसभर चाले, बाकीचे लोक त्याच्या नावानं बोटं मोडत, मला मात्र तो सोबतीसारखा वाटे. जिनिंग बंद पडलं की मी पडवीत येऊन उभा राहायचो.

आणखी एक गोष्ट मला आवडायची, ती म्हणजे लाइन जाणं. वीज गेली की सगळा मोहल्ला आमच्या दाराशी यायचा. "भाऊ हायत काय घरी?" "कवा येईन हो लाइन?" बायका, म्हातारे, हातात वही घेतलेली पोरं. मी दारात उभा राहून ऐटीत सांगायचो, "बाबा खांबावर हायत, येईन आता." कोणी उंबऱ्यावर टेकायचं, कोणी पाणी मागायचं, कोणी विचारायचं, "तू कोणत्या वर्गात हायस रे?" मग दिवे लागायचे, सगळीकडून हो हो असा गलका उठायचा आणि माझ्या दाराशी कोणीही उरायचं नाही. बाबा काम चोख करायचे. वीज लवकर यायची. मला त्यांचा त्याबद्दल राग यायचा, हे आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा खरंच यायचा.

शाळेत मी केळझरवाला होतो. कोणी छळलं नाही, मारलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत डबा उघडायला ज्याची त्याची जागा ठरलेली होती आणि माझी ठरली नव्हती. एकटा घरमालकांचा गजानन तेवढा बोलायचा. गज्या माझ्याच वयाचा, मान आखूड, हसला की डोळे मिटायचे. पण तोही पाच वाजले की लंगोट खांद्यावर टाकून मारुतीच्या आखाड्यात पळायचा आणि दिवेलागणीला लाल होऊन परत यायचा. अंगाला माती, ओठाला गूळ. त्याच्या मागून दोन-चार पोरं ओरडत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जायची. मी पडवीतून पाहायचो. पोरं एकमेकांना इतक्या सहज धरायची, ढकलायची, पाठीत थापा द्यायची. मला कुस्तीचं वेड नव्हतं. मला कोणीतरी धरायला हवं होतं.

बाबांच्या ते लक्षात आलं असावं. एका रविवारी सायकलच्या चेनीला तेल देता देता ते म्हणाले, "आखाड्यात जात जाय. पोट्टे भेटतीन."

"कोणत्या?"

"दोन हायत. दोन्ही पाह्यजो. मंग ठरव. मले नको विचारू."

गावात आखाडे दोन होते हे खरं, पण ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मारुतीचा आखाडा देवळाला लागून, कुस्तीच्या मातीचा मोठा हौदा, वर पक्कं छप्पर, भिंतीला आरसा आणि पोरांची ही गर्दी. तिथले शामराव वस्ताद उंच, गोरेपान, एका हाकेत सगळी पोरं थांबायची. दुसरा आखाडा बाजाराकडे, धान्याच्या गोदामांच्या मागे. तिथे उकंड वस्ताद नावाचा म्हातारा होता, एवढंच लोक सांगत. पोरं तिथे का जात नाहीत असं गज्याला विचारलं तर तो म्हणाला, "कोनी जात नाई म्हनून कोनी जात नाई बे." मला ते लगेच पटलं. नवीन पोरं नागपंचमीला घेतात, त्या दिवशी शेतात कोणी कुदळ लावत नाही, पण आखाड्याची माती खणून पूजा होते, असंही त्यानंच सांगितलं. मी नागपंचमीची वाट पाहायला लागलो. माझं ठरलं होतं.

मी हल्ली राहतो त्या पिपरी मेघ्यात आता गादीवरच्या कुस्तीचा क्लब निघाला आहे. संध्याकाळी स्कूटीवरून आया पोरांना सोडायला येतात, मुलींनाही सोडतात, आणि आत काय चाललंय ते काचेतून पाहतात. परवा शेजारच्या सूनबाईंनी मोबाइलवर दोन क्लबांचे व्हिडिओ दाखवून मला विचारलं, "काका, यातला कोणता चांगला? तुम्ही तर कुस्ती खेळलेले." मी दोन्ही पाहिले. दोन्हीकडच्या गाद्या चांगल्या होत्या. मी विचारलं, "पोराचा मित्र कोणत्या क्लबात जातो?" त्यांना वाटलं, काकांनी थट्टा केली.

नागपंचमीला शाळेला सुट्टी होती. मारुतीच्या आखाड्यात दुपारी जायचं होतं, पण मला घरात दम निघेना. बाबा सकाळीच कुठे तरी तार तुटली म्हणून गेले होते. मी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून गावात उगाच हिंडत राहिलो आणि हिंडता हिंडता गोदामांच्या मागे पोचलो. तिथे एक म्हातारा एकटाच हौद्यात उतरून माती खणत होता. छातीचे केस पांढरे, पण खांदे अजून भरदार. काठावर हळदीची पुडी, ताकाची कळशी, तेलाची बाटली, कडुलिंबाचा डहाळा. मी पाहतोय हे त्याला पाठमोरा असतानाच कळलं.

"पाहून काऊन राह्यला? फावडं घे," तो म्हणाला.

मी फावडं घेतलं. देवळीत आल्यापासून मला कोणी काम सांगितलं नव्हतं. बाबा स्वतः करायचे, शाळेत बाकीची पोरं करायची. आम्ही दोघांनी माती खालीवर केली, ढेकळं फोडली. म्हाताऱ्यानं हळद पेरली, ताक शिंपडलं, तेल सोडलं, आणि मी अनवाणी पायांनी सगळं कालवलं. वास असा सुटला की भूक लागली. मग त्यानं मातीची पूजा मांडली आणि माझ्या हातात नारळ दिला. "फोड."

इथे माझी चूक झाली, आणि ती केळझरच्या पोराचीच होऊ शकते. आमच्या गावी टेकडीवर गणपती. चतुर्थीला बाहेरगावची माणसं रांगेनं यायची, आणि त्यांचे नारळ फोडून द्यायला आम्ही पोरं पायरीशी बसलेली असायचो. ज्याचा नारळ त्याचा नवस, आपला फक्त हात. खोबऱ्याचा तुकडा मिळायचा आणि आम्ही पुढच्या माणसाकडे वळायचो. त्यामुळे नारळ फोडणं म्हणजे काही ठरवणं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मी दगडावर दणकन आपटला, एका घावात सरळ दोन भकलं. म्हातारा खूश झाला. त्यानं चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली, भिजवलेले चणे आणि गूळ ओंजळीत दिला आणि विचारलं, "नाव काय तुहं?"

"पुरुषोत्तम."

"पुऱ्या," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून मी पुऱ्या झालो.

दुपारी गज्याबरोबर नाचत मारुतीच्या आखाड्यात गेलो. शामराव वस्तादांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. घामानं माती ओघळली होती, पण हळदीचा पिवळा डाग राहिला होता. "कोठचा टिळा हाय हा?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, फावडं, ताक, नारळ, अगदी हौसेनं. गज्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"नारळ तुह्या हातानं फुटला काय?"

"हो."

"मंग तू त्या आखाड्याचा झाला नं बाबू." ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. रागावले असते तर मी रडून पाय धरले असते. "ज्या मातीत नारळ फोडला ते सोडून दुसऱ्या मातीत पाय नाई ठेवा लागत. तुह्या वस्तादाले म्हन. त्यानं सोता हात धरून आनून देल्लं तं मी घेईन. तेच्याबिगर नाई."

मी पायरीवर बसून त्यांची पूजा पाहिली. पोरांनी हौद्यात उड्या मारल्या, शड्डूंचे आवाज छपराला लागून परत आले. गज्यानं एकदा माझ्याकडे पाहून हात हलवला. मग त्याला कोणीतरी मागून कमरेला धरलं आणि तो मातीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी उकंड वस्तादाकडे गेलो तो हेच सांगायला, की मला सोडा. पण तो हौद्याच्या काठावर बसला होता, आणि मला पाहताच त्यानं विचारलं, "आज काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. "काही नाई कसं? दिवसभर होता नं तू?" मग मी सांगायला लागलो. शाळेत गणिताच्या गुरुजींनी काय केलं, घरी चून कसं करपलं, मायचा निरोप आला की आबाजी आता बोलतही नाहीत. तो मांड्यांना तेल चोळत ऐकत राहिला. सोडा म्हणायचं राहूनच गेलं. रोज असंच व्हायला लागलं. आधी त्याचं "आज काय झालं?", मग जोर, मग बैठका, मग कुस्ती. कुस्ती त्याच्याशीच, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतंच. तो गुडघ्यावर बसायचा, म्हणजे आमची उंची सारखी व्हायची, आणि म्हणायचा, "ये." मी अंगावर जायचो. कडुलिंबाचा आणि म्हाताऱ्या अंगाचा वास यायचा. तो मला मानेला धरून अलगद खाली ठेवायचा, भांडं ठेवावं तसा. शनिवारी गोवऱ्यांवर कणकेचे जाड पानगे भाजायचा, वांग्याची भाजी करायचा, आणि माझ्यापुढे तूप ओतताना स्वतःच्या पानग्याला विसरायचा. त्याची बायको केव्हाच गेली होती. मुलगा नव्हता. हे त्यानं सांगितलं नाही, बाजारातल्या लोकांनी सांगितलं.

मग मला काय कमी होतं? हे मी आज विचारतो. तेव्हा मला पुष्कळ कमी होतं. मला जोड नव्हती. बरोबरीचा पोरगा अंगाला भिडल्याशिवाय कुस्ती येत नाही, कुस्त्यांच्या दंगलीत नाव पुकारलं जात नाही, आणि दंगलीतून परतताना गळ्यात हात टाकायला कोणी नसतं. शाळेत पोरं मारुतीच्या आखाड्यातल्या गोष्टी सांगत हसायची आणि मी शब्दन् शब्द ऐकून त्यात मनातल्या मनात स्वतःला बसवायचो. गज्या आता कमी बोलायला लागला होता. आखाडे वेगळे झाले की पोरं जपून बोलतात, डाव कळू नयेत म्हणून. तो आल्यावर मी पडवीत उभा राहायचो आणि तो "जेवला काय?" एवढंच विचारून आत जायचा.

पोळा झाला, दिवाळी झाली. दिवाळीला माय दोन दिवस येऊन गेली आणि ती गेल्यावर घर आधीपेक्षाही रिकामं झालं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, वस्तादानं "आज काय झालं?" विचारायच्या आधीच मी म्हणालो, "वस्ताद, मले मारुतीच्या आखाड्यात द्या."

तो तेल चोळत होता. चोळायचा थांबला नाही. "नाई," म्हणाला.

"काऊन?"

"तू गेला तं मी कोनासंग बोलू?"

मोठ्या माणसानं इतकं उघडं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. वस्तादानं म्हणावं की तिथे तालीम कच्ची आहे, तू अजून तयार नाहीस, तुझं नुकसान होईल. मी तशा उत्तरांना तोंड द्यायची तयारी करून गेलो होतो. हे उत्तर मला आवडलं नाही. माझ्या पोटात जे होतं ते त्याच्या तोंडून निघालं होतं, आणि तेरा वर्षांच्या पोराला ते म्हाताऱ्यात पाहायचं नसतं. मी माझा लंगोट उचलला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ते दिवस मला अजून चांगले आठवतात. पाच वाजायचे, गज्या पळायचा, आणि मला जायला कुठेच नसायचं. जिनिंग जोरात चालू होतं तरी बरं वाटेना. एकदा लाइन गेली, लोक दाराशी आले, आणि मी आतून कडी घालून घेतली. बाहेर कोणीतरी म्हणालं, "घरी कोनी नाई वाटते." मी अंधारात बसून ते ऐकलं आणि मला वाटलं, बरोबर आहे.

रविवारी बाबा घरी होते, वांग्याला फोडणी देत होते. दाराशी खाकरल्याचा आवाज आला. उकंड वस्ताद उभा होता. धुतलेलं धोतर, सदरा, डोक्याला टोपी. मी त्याला कपड्यांत पहिल्यांदा पाहिलं, आणि तो एकदम बारीक, म्हातारा दिसला. बाबा हात पुसत आले.

"या वस्ताद, बसा."

"बसत नाई. पोराले नेतो."

"कोठी?"

"मारुतीच्या आखाड्यात. द्याले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांना सुचलं ते म्हणाले, "च्या तरी घ्या." वस्तादानं उभ्यानं चहा घेतला, बशी उंबऱ्यावर ठेवली, आणि माझं मनगट धरलं. "चाल," म्हणाला.

आम्ही भर बाजारातून गेलो. दुकानातून लोक विचारायचे, "वस्ताद, कोठी निंगाले?" आणि तो प्रत्येकाला मोठ्यानं सांगायचा, "पोरगं द्याले चाल्लो." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवऱ्या मुलीला नेताना तरी कोणी इतकं सांगत नाही. मनगट त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना मुंग्या आल्या. मी एकदाही सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. देवळीत आल्यापासून गावातून चालताना कोणी माझा हात धरला नव्हता, आणि मला तो सुटायला नको होता, जिथे सुटणार होता तिथे जायची घाईही झाली होती. दोन्ही एकाच वेळी. त्याची बरोबर फोड मला अजून करता आलेली नाही.

मारुतीच्या आखाड्यात पोरं थांबली. शामराव वस्ताद बाहेर आले आणि वाकून उकंड वस्तादाच्या पाया पडले. मला ठाऊक नव्हतं, शामराव लहानपणी त्याच्याच हाताखाली शिकले होते. मग दोघे हौद्याच्या काठावर समोरासमोर उभे राहिले. आमच्या भागात पोरगा दुसऱ्या आखाड्यात देताना जुन्या वस्तादानं त्याची खोड सांगायची असते, सगळ्यांसमोर, काही न लपवता, बैल विकताना सांगतात तशी. पुढच्यानं त्या खोडीसकट पोराला घ्यायचं. शामरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, "खोड सांगा."

मी डोळे मिटून घेतले. माझ्या खोडी मला पाठ होत्या. समोरच्यानं पट काढला, म्हणजे खाली वाकून पाय ओढला, की मी डाव्या पायावर कोसळायचो. मानेला हात पडला की श्वास कोंडायचो. धरलेला डाव मध्येच सोडायचो. गज्या ऐकत होता, सगळी पोरं ऐकत होती.

"हात-पाय बरे हायत," उकंड वस्ताद म्हणाला. "शिकते लवकर." मग थांबला. "याले एकटं नको ठेवू. तेवढीच खोड हाय."

कोणी हसलं नाही. शामराव वस्तादांनी मान डोलावली आणि म्हणाले, "घेतला." उकंड वस्तादानं माझं मनगट त्यांच्या हातात दिलं. त्याची बोटं उमटली होती तिथे गार लागलं. तो टोपी सारखी करून पायऱ्या उतरायला लागला. मला त्याला हाक मारायची होती, निदान तो वळेपर्यंत पाहायचं होतं. तेवढ्यात शामरावांनी "उतरव रे याले हौद्यात" म्हटलं, गज्यानं मागून येऊन माझ्या कमरेला मिठी घातली, आम्ही दोघंही मातीत पडलो, आमच्यावर आणखी पोरं पडली, मला श्वास घेता येईना, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.